कापलेला पगार परत आला तेव्हा

ऑगस्ट महिना होता, साल २०२३. आमच्या भागात रोवणा आटोपत आला होता, विहारात वर्षावासाचे वाचन सुरू होते, आणि एका संध्याकाळी यजमानांच्या मोबाईलवर बँकेचा संदेश आला. खात्यात ३५,८१० रुपये जमा. पगाराची तारीख नव्हती, बोनसला अवकाश होता. दोन मिनिटे आम्ही दोघेही त्या आकड्याकडे पाहत राहिलो. मग यजमान म्हणाले, “आयकराचा परतावा आला गं.”

भगिनींनो, त्या क्षणापासून पुढचे चार दिवस आमच्या घरात जे झाले ते आज सांगायचे आहे. कारण हीच गोष्ट थोड्याफार फरकाने अनेक घरांत घडते, आणि पैसा कुठे गेला हे महिन्याभरानंतर कुणालाच सांगता येत नाही.

आपल्या भंडारा जिल्ह्यात पगारी नोकरी म्हटली की जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना, तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी, शाळा, एस. टी. आणि सरकारी कचेऱ्या. बाकी धानाची बांधी आणि मजुरी. ज्यांच्या घरात अशी एक नोकरी आहे, त्यांना नातेवाईक ‘पगारदार’ म्हणून ओळखतात, आणि पगारदाराच्या खात्यात अचानक पैसे आले की ते लॉटरीसारखे वाटतात. आमच्याही घरात तसेच वाटले. मुलगा पहिल्याच रात्री म्हणाला, “बाबा, वीस हजार भरले तर गाडी मिळते. बाकीचे हप्ते मी पाहीन.” मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, तिला पुस्तके आणि हॉस्टेलचे पैसे हवे होते. स्वयंपाकघरावरचे कवेलू गळत होते, ते काढून टिना टाकायच्या असे यजमानांच्या मनात दोन वर्षांपासून होते. माझ्या मनात काय होते ते मी त्या रात्री बोलले नाही.

हा पैसा आला कुठून, ते आधी सांगते.

त्या वर्षी यजमानांचा वर्षाचा पगार ७,२०,००० रुपये होता. प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५०० आणि भविष्य निर्वाह निधीचे ६२,००० एवढेच कार्यालयाने धरले. विम्याचे हप्ते आणि घरकर्जाची मुद्दल मिळून ५८,००० होते, घरकर्जाचे व्याज ५५,००० होते. त्यांच्या पावत्या मुदतीत पोहोचल्या नाहीत. चूक कोणाची यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. यजमान म्हणतात, कागद दिले होते. मी म्हणते, दिले असतील तर पोच कुठे आहे? ते काही असो, कार्यालयाच्या हिशेबाने करपात्र उत्पन्न ६,०५,५०० झाले आणि कर ३४,९४४ रुपये. तो जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च या तीन पगारांतून कापला गेला, महिन्याला ११,६४८ रुपये. पावत्या धरल्या असत्या तर उत्पन्न ४,९२,५०० होत होते, आणि तेव्हाच्या नियमाने पाच लाखांच्या आत कर शून्य होता.

म्हणजे ज्या कराचा एक रुपयाही आम्ही देणे लागत नव्हतो, तो आम्ही पस्तीस हजार भरला. जुलैमध्ये विवरणपत्र भरून तो परत मागितला, तेव्हा ऑगस्टमध्ये मिळाला. त्यावर सरकारने दरमहा शेकडा अर्धा रुपया या दराने, एप्रिल ते ऑगस्ट अशा पाच महिन्यांचे सुमारे ८७० रुपये व्याजही दिले. कायद्यात तशी तरतूद आहे. विवरणपत्र मुदतीत भरले तर व्याज १ एप्रिलपासून मोजतात, उशिरा भरले तर भरल्या तारखेपासून. आणि हे व्याज पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवावे लागते, हेही लक्षात ठेवावे.

आता त्या तीन महिन्यांत घरात काय झाले ते ऐका. जानेवारीच्या शेवटी मुलीच्या हॉस्टेलचे आणि मेसचे पैसे भरायचे होते. केंद्राच्या शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, आम्ही तिच्या बाहेर. पगार आला तो अकरा हजारांनी कमी. माझ्या बचत गटात शेकडा दोनने कर्ज मिळते, पण तेव्हा पाळी दुसऱ्या बाईची होती आणि तिच्या घरी बाळंतपण होते, तिला मागे सार म्हणवेना. शेवटी गावातल्या एका गृहस्थाकडून २०,००० रुपये घेतले, शेकडा तीन दरमहा. कागद नाही, पोच नाही. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे हे मला माहीत होते. पण मुलीला हॉस्टेलमधून घरी परत आणायचे की व्याज द्यायचे, असा प्रश्न असला म्हणजे कायद्याचे पुस्तक कुणी उघडत नाही.

दर महिन्याला ६०० रुपये व्याज. जुलैपर्यंत सहा महिन्यांचे ३,६०० देऊन झाले होते आणि मुद्दल जागच्या जागी.

हे मी दुसऱ्या दिवशी एका वहीच्या पानावर मांडले. एका बाजूला सरकारकडे अडकलेले आमचे पस्तीस हजार, त्यावर मिळाले ८७०. दुसऱ्या बाजूला त्याच काळात, त्याच पैशाच्या अभावी काढलेले वीस हजार, त्यावर ऑगस्ट धरून गेले ४,२००. पान यजमानांपुढे ठेवले. ते बराच वेळ बोलले नाहीत. कर्ज मीच काढले होते आणि व्याज माझ्या शिवणकामातून जात होते, त्यामुळे सहा महिन्यांचा आकडा त्यांनी एकत्र कधी पाहिलाच नव्हता. घरोघरी असेच असते. पगार पुरुषाच्या खात्यात, उधारी बाईच्या डोक्यात, आणि दोन्ही एका कागदावर कधी येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी विहारात सिगालोवाद सुत्तावर बोलणे झाले. सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला तथागतांनी जो उपदेश केला, त्यात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात घालण्यासाठी आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवण्याचा. यजमान घरी आले ते हाच हिशेब घेऊन. म्हणाले, “चार भाग करू. नऊ-नऊ हजार येतात. एक टिनांसाठी, दोन मुलांच्या शिक्षणाला आणि कामाला, एक बँकेत.”

ऐकायला फार चांगले वाटले. पण त्यात वीस हजारांचे काय? मी म्हटले, “अहो, चार भाग आपल्या पैशाचे करायचे असतात. यातले वीस हजार आपले आहेत कुठे? ते दुसऱ्याचे आहेत.” यजमानांचे म्हणणे पडले की कर्ज हळूहळू फिटेल, एवढी रक्कम हाती पुन्हा येणार नाही, तेव्हा काहीतरी डोळ्यांना दिसणारे काम होऊन जाऊ दे. मुलगा अर्थात बाबांच्या बाजूने होता, कारण त्याच्या हिशेबात दोन कामधंद्याचे भाग म्हणजे गाडीच होती. पेट्रोल पंपावर त्याला काम मिळणार होते आणि जाण्यायेण्याला गाडी हवी, असे तो सांगत होता. खोटेही नव्हते. वरठीहून भंडाऱ्याला रात्रपाळीला जायचे तर वाहन लागतेच.

वाद वाढला. मुलीचा फोन आला तेव्हा तीही म्हणाली की माझ्यासाठी काढलेले कर्ज आहे, माझ्या नावावर घरात भांडण नको, मी पुस्तके ग्रंथालयातून घेईन. ते ऐकून मला जास्तच वाईट वाटले.

शेवटी सासूबाई बोलल्या. त्या सहसा पैशाच्या गोष्टीत पडत नाहीत. आयुष्यभर विड्या वळल्या, हजार विड्यांमागे किती मिळाले आणि किती कापले एवढाच हिशेब त्यांना ठाऊक. त्या म्हणाल्या, “पोरा, तो तुयाच घामाचा पैसा आहे. सरकारनं का दान नाही केलं. पयले ज्याचं त्याले देऊन टाक, मंग जे उरंल त्यात गाडी पाय का घर पाय.”

मला मग आठवले की अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना तथागतांनी ऋण नसण्याचे सुख वेगळे मोजले आहे. मी यजमानांना तसे म्हटले. ते हसून म्हणाले, “आता सुत्तावर सुत्त आणतेस का!” पण उठले, आणि संध्याकाळी २०,६०० रुपये देऊन आले. त्या गृहस्थांनी विचारले म्हणे, एवढी घाई काय होती, राहू दिले असते तरी चालले असते. चालले असतेच. वर्षाचे ७,२०० रुपये घरबसल्या येत असतील तर कुणाला चालणार नाही?

उरले १५,२१०. त्याचे मात्र चार भाग केले, पण सुत्ताप्रमाणे अगदी बरोबरीचे झाले नाहीत. मुलीची पुस्तके आणि गणवेश यांना ५,००० गेले. माझ्या शिलाई मशीनला मोटर बसवली. टिना त्या वर्षी आल्या नाहीत, कवेलू फेरून घेतले आणि पावसाळा कसाबसा काढला. चार हजार पोस्टात टाकले. यजमानांनी ५०० रुपये विहाराच्या बांधकामाला दिले. नागपूरला १९५६ साली बाबासाहेबांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा असे सांगितले होते, त्या मानाने कमीच होते, असे ते स्वतःच म्हणाले. मुलाला काहीच मिळाले नाही. तो आठ दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचे म्हणणे पूर्ण चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही.

आणि दोघांच्याही खात्यातून विम्याचे पैसे वळते करायला सांगितले. अपघात विमा वर्षाला २० रुपये, जीवन विमा ४३६ रुपये, दोन्ही दोन-दोन लाखांचे. पहिल्याला वय १८ ते ७०, दुसऱ्यात ५० वर्षांपर्यंत शिरता येते. तेव्हा यजमान म्हणाले होते, कारखान्याचे आहे ना सगळे. पुढे २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले, त्या रात्री त्यांनी स्वतःच पासबुक काढून ४३६ ची नोंद आहे की नाही ते पाहिले.

आता थोडे आयकराबद्दल. आपल्यातले पुष्कळ लोक म्हणतात, आयकर हा मोठ्या लोकांचा विषय. पण बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना नेमका हाच मुद्दा घेतला होता. आयकर घेताना सरकार पाहते की माणसाचे उत्पन्न एका मर्यादेच्या वर आहे की नाही, आणि शेतसारा मात्र एकरभर जमीनवाल्याकडूनही घेते, मग पीक येवो न येवो, हा अन्याय आहे असे त्यांनी मांडले. कर देण्याची ऐपत पाहून कर घ्यावा, हे त्यांचे म्हणणे. तेव्हा मर्यादेच्या आत असलेल्या माणसाचा कापलेला कर परत मागणे यात लाजण्यासारखे काही नाही. तो त्याचा हक्क आहे.

आणि तो मागितलाच जात नाही, असे आपल्याकडे सर्रास होते. ठेकेदारी कामगारांचे घ्या. कारखान्यात तीन-चार वर्षे काम केले, ठेका संपला, भविष्य निर्वाह निधी काढला. नोकरी पाच वर्षांहून कमी आणि रक्कम पन्नास हजार किंवा अधिक असली की त्यातून शेकडा दहा कर कापला जातो, पॅन दिला नसेल तर वीस. ८०,००० च्या निधीतून ८,००० गेले. त्या पोराचे वर्षाचे उत्पन्न करपात्र नसते, म्हणजे विवरणपत्र भरले तर कापलेले परत मिळते. पण तो म्हणतो, मी कुठे आयकर भरतो, मला काय करायचे विवरणपत्र? आणि आठ हजार सोडून देतो. निवृत्त वडिलांच्या मुदत ठेवीच्या व्याजावरही बँक असाच कर कापते. उत्पन्न करपात्र नसेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत तसे घोषणापत्र द्यायचे असते, ते दिले की कापत नाहीत.

पूर्वी परताव्याचा धनादेश टपालाने यायचा, पत्ता चुकला की महिनोन् महिने फिरायचा. मार्च २०१९ पासून पैसे थेट बँक खात्यात येतात, त्यासाठी खाते पॅनला जोडलेले असावे लागते आणि दोन्हीकडचे नाव जुळावे लागते. आपल्याकडे नावांचा घोळ फार. शाळेत एक आडनाव, आधारवर दुसरे स्पेलिंग, लग्नानंतर तिसरेच. हे आधी दुरुस्त करून घ्यावे. आणि विवरणपत्र भरून काम संपत नाही. ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने किंवा अन्य मार्गाने त्याची पडताळणी करावी लागते, नाहीतर ते भरलेच नाही असे धरतात. आमच्या ओळखीत एकाचे याच कारणाने अडले होते.

एक गोष्ट मात्र सावध राहण्याची. आमचा परतावा आल्याचे चार लोकांना कळले आणि चहाच्या टपरीवर यजमानांना एक जण भेटला. म्हणाला, पस्तीस काय घेऊन बसला, मी तुला साठ आणून देतो, वरच्या पैशातले निम्मे माझे. कसे, तर घरभाडे दाखवायचे, राजकीय पक्षाला देणगी दाखवायची, आजारपणाचा खर्च दाखवायचा. कोण तपासतो? यजमान तसे सरळमार्गी, पण त्या रात्री त्यांच्या मनात चलबिचल झाली हे मी पाहिले. कारखान्यात दहा जणांनी केले, त्यांना मिळाले, असे ते सांगत होते.

आम्ही नाही म्हटले. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभर सुमारे १५० ठिकाणी अशा एजंटांवर तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत खात्याच्या सूचनेनंतर सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते, असे खात्यानेच जाहीर केले. खोटी माहिती देऊन कर चुकवल्यास त्या कराच्या दुप्पट दंड लागू शकतो, शिवाय कर आणि व्याज वेगळे. आणि नोटीस येते ती कामगाराच्या नावाने. एजंट तोवर टपरी बदलून गेलेला असतो. मोबाईलवर ‘तुमचा परतावा मंजूर झाला, येथे दाबा’ असे संदेशही येतात. त्यावर बोट लावू नये. खाते कधीही एटीएमचा पिन किंवा बँकेचा ओटीपी विचारत नाही.

पुढच्या वर्षापासून आमच्याकडे परतावा यायचा थांबला. २०२३-२४ पासून नव्या करपद्धतीत सात लाखांपर्यंत कर उरला नाही, आणि २०२५-२६ पासून ती मर्यादा बारा लाखांवर गेली. त्यात विम्याच्या किंवा घरकर्जाच्या पावत्यांची गरजच पडत नाही. तरी कार्यालयाला कोणती पद्धत हवी ते वर्षाच्या सुरुवातीला लिहून द्यावे लागते. ते पत्र आता मीच लिहिते, यजमान सही करतात, आणि पोच घेतल्याशिवाय घरी यायचे नाही असे ठरले आहे. पोच दाराच्या मागच्या खिळ्याला लावलेल्या पिशवीत राहते, विजेच्या बिलासोबत.

मुलाने पुढच्या वर्षी गाडी घेतलीच, स्वतःच्या पगारावर, हप्त्याने. मुलगी नागपूरला दवाखान्यात लागली. टिना २०२४ च्या उन्हाळ्यात टाकल्या. सासूबाई मात्र दर ऑगस्टमध्ये विचारतात, “यंदा सरकारकडचे पैसे नाही आले का?” मी सांगते, आई, यंदा त्यांनी नेलेच नाहीत. त्या म्हणतात, “मंग बरं झालं.” आणि पुन्हा पुढच्या ऑगस्टमध्ये विचारतात.